शिक्षेबाबत काय म्हणणं आहे?

मी कोर्टात कारकून म्हणून लागले त्या पहिल्याच दिवशी, नाव-गाव विचारायच्या आधी महारुद्र शेटे ऊर्फ अप्पांनी मला एक सवाल केला होता.

"ताई, एका मानसाला तीन वर्षं लागले आन् दुसऱ्याला आठ. तुमी पैले काय विचारताल?"

"दोघांनी काय केलं ते विचारीन."

"दोघांनी एकच केलं."

"मग... जज कोण होते ते."

अप्पा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "समदे हेच म्हनतेत," एवढं बोलून ते पुन्हा कीबोर्डकडे वळले. मला वाटलं, नव्या माणसाची चेष्टा करायची यांची रीत असेल. पुढे सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली तेव्हा कळलं, की अप्पांना चेष्टा करता येत नाही. त्यांना या सवालाचं उत्तर खरंच हवं होतं आणि ते कुणाकडेही मागायला त्यांना लाज वाटत नव्हती. शिपायाला, वकिलांना, मेडिकलवाल्याला, एकदा तर जनगणनेला आलेल्या मास्तरांनाही त्यांनी हे विचारलं होतं.

आमचं कोर्ट बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. गावाचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. एक लांब व्हरांडा, त्याच्या दोन टोकांना सत्र न्यायाधीशांची दोन दालनं, मधे लिंबाच्या झाडाकडे तोंड करून लोखंडी बाकडी. अप्पा पूर्वेकडच्या दालनात लघुलेखक होते. साहेब सांगतील ते टिपायचं, टाईप करायचं, सही घ्यायची. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा हाफ शर्ट, गळ्यात लिंगाची डबी. अवघड वाक्य आलं की डावा हात आपोआप शर्टावरून त्या डबीवर जायचा. टाईप करताना ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. त्यांच्या घराण्याचं किराणा दुकान होतं, चुलत भाऊ ते अजून चालवतात. "मला वजन करता येत न्हाई म्हनून मी इकडं आलो," असं ते सांगायचे.

त्यांची एक सवय सगळ्या कोर्टाला ठाऊक होती. कुणी काही विशेषण वापरलं की अप्पा विचारायचे, "म्हंजे किती?" चहावाल्यानं "अप्पा, आज कडक केलाय," म्हटलं की "कडक म्हंजे किती?" सरकारी वकील भाषणात "कठोरात कठोर शिक्षा व्हावी" म्हणाले की अप्पांचे ओठ हलायचे आणि जवळ बसलेल्या आम्हांला कळायचं, काय म्हणताहेत ते. शिक्षेचा दिवस असला की ते सकाळपासून चहा घ्यायचे नाहीत. निकालाचं शेवटचं पान छापून साहेबांच्या टेबलावर गेलं की मगच व्हरांड्यात येऊन अर्धा कप घ्यायचे. मी एकदा विचारलं, उपास धरता का? म्हणाले, "उपास कशाचा ताई. पोट भरलेलं असलं की मला दुसऱ्याचे वर्षं हलके वाटतेत."

आणखी एक. बोलताना ते कधी 'आरोपी' म्हणायचे नाहीत. कागदावर तोच शब्द दिवसाला शंभर वेळा टाईप करायचे, पण तोंडानं "तो नेकनूरचा", "ती शिरूरची बाई", असं गावावरून.

कायदा असा आहे, की गुन्हा शाबीत झाला असं साहेबांनी सांगितलं की लगेच शिक्षा द्यायची नाही. आधी त्या माणसाला विचारायचं, शिक्षेबाबत तुझं काय म्हणणं आहे? मधे कायद्याची पुस्तकं बदलली, कलमांचे आकडे बदलले, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. बहुतेक माणसं त्या वेळी गोंधळलेली असतात. कुणी हात जोडतं, कुणी वकिलाकडे बघतं. मग वकील म्हणतात, "दयेची विनंती आहे साहेब," आणि निकालात ओळ येते: 'आरोपीस शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकले. त्याने दयेची विनंती केली.' ही ओळ प्रत्येक लघुलेखकाच्या संगणकात तयार असते. एक बटण दाबलं की पूर्ण.

अप्पांनी ती ओळ पुसून टाकली होती.

का, ते त्यांनी मला जेवताना सांगितलं. भाकरीचा तुकडा शेंगाच्या चटणीत तसाच धरून म्हणाले, "एक दिवस जुने निकाल चाळत बसलो होतो. समद्यांत तीच ओळ. सात-आठ वर्षं झाली, मी एकाच मानसाला पुना पुना जेलात धाडतोय, असं वाटलं बगा. आन् मानूस एकच असंल तर त्याला एकदा तीन आन् एकदा आठ कावून?"

मग त्यांनी माणसांचे खरे शब्द घ्यायला सुरुवात केली. त्याचा जो प्रसंग गाजला तो मी रुजू व्हायच्या आधीचा, पण इतक्या जणांकडून ऐकलाय की मी तिथे होते असं मला वाटतं. पाटोद्याकडचा एक म्हातारा होता. चुलतभावाच्या हातावर कुऱ्हाड घातली, हात कायमचा अधू झाला. गुन्हा शाबीत झाला. साहेबांनी विचारलं, "शिक्षेबाबत काय म्हणणं आहे?" म्हातारा म्हणाला, "साहेब, माजी म्हैस गाभण हाय."

कोर्टात हसू फुटलं. साहेबही हसले असावेत. त्यांनी सांगितलं, "घ्या, दयेची विनंती केली."

अप्पांचे हात कीबोर्डवरून उचलले गेले. "साहेब, तो म्हशीचं बोलला."

"तेच ते झालं ना. दयेचीच विनंती."

"झाली साहेब. पन सोतासाठी न्हाई मागितली. म्हशीसाठी मागितली."

साहेबांनी चष्मा काढला, म्हाताऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "घ्या. त्याचे शब्द घ्या."

म्हाताऱ्याला त्याचा काही फायदा झाला का, ते अप्पांनाही सांगता यायचं नाही. पण वकिलांच्या खोलीत त्यांचं नाव 'म्हशीवाले अप्पा' पडलं ते कायमचं. पुढे साहेब बदलत गेले. काहींनी अप्पांना मोकळीक दिली, काहींनी झापलं. झापलं की अप्पा मुकाट्यानं ती ठरलेली ओळ टाईप करायचे, दर वेळी पूर्ण, अक्षर अक्षर. बटण पुन्हा तयार केलं नाही.

मी असताना जे पाहिलं ते रुक्मिणबाईचं.

व्हरांड्याच्या दोन टोकांच्या दोन दालनांत एकाच आठवड्यात दोन निकाल लागले. दोन्हींत विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण, दोन्हींत खोऱ्याचा दांडा, दोन्हींत एकेक माणूस मेलेला. मारायचा हेतू नव्हता पण मरेल हे कळत होतं, असं दोन्ही कोर्टांनी धरलं. पश्चिमेकडच्या दालनात तीन वर्षं झाली. आमच्या दालनात आठ, अगदी अप्पांच्या जुन्या सवालासारखं. आठवाल्याची आई रुक्मिणबाई. ती निकालानंतर रोज यायला लागली. कुणाला काही मागायची नाही. बाकड्यावर बसायची आणि जो जवळ येईल त्याला विचारायची, "त्याला तीन आन् माज्याला आठ कावून?"

उत्तरं तिला भरपूर मिळाली. एक हवालदार म्हणाला, साहेबाचा मूड. कुणी म्हणालं, तिकडचा वकील भारी होता. एका पुढाऱ्याच्या माणसानं तिला कारण म्हणून जात सांगितली. तिनं ती सगळी ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

अप्पांनी दोन्ही निकालांच्या नकला मिळवल्या आणि जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ बाकड्यावर बसून वाचायला घेतल्या. तीन वर्षांच्या निकालात शिक्षेवर दीड पान होतं. माणसाचं वय, आधीचा गुन्हा नसणं, एकच फटका, तोही भांडणाच्या भरात. मग त्यांनी स्वतः टाईप केलेला आठ वर्षांचा निकाल उघडला. तिथे एकच ओळ होती: 'गुन्ह्याचे गांभीर्य विचारात घेता.'

रुक्मिणबाई म्हणाली, "म्होरं वाचा."

"म्होरं न्हाई."

"म्हंजे लिव्हलंच न्हाई?"

अप्पांचा हात डबीवर गेला. त्याच दुपारी ते साहेबांच्या चेंबरमधे गेले. मी सह्यांच्या फायली घेऊन दारातच उभी होते, म्हणून ऐकलं. लघुलेखकानं न्यायाधीशाला निकालाबद्दल बोलायचं नसतं. नोकरी जाण्यासारखी गोष्ट आहे. अप्पा म्हणाले, "साहेब, एक ओळ कमी पडती."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "शेटे, तीन नंबरच्या साक्षीदाराची उलटतपासणी कोणी टाईप केली?"

"मीच, साहेब."

"जा, वाचा."

अप्पांनी टेबलाशी येऊन फाईल उघडली. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. साक्षीदारानं सांगितलं होतं, की पहिल्या फटक्यानं माणूस खाली पडला, त्यानं पाणी दे म्हटलं, आणि त्यानंतर रुक्मिणबाईच्या मुलानं त्याला पडल्या जागी आणखी दोनदा मारलं. शब्द अप्पांच्याच बोटांतून उतरले होते. ते विसरून गेले होते.

आता हे त्या बाईला सांगायला हवं होतं. मी म्हटलं, नका सांगू. अप्पा म्हणाले, "तिनं विचारलंय ना." ते बाकड्याशी जाऊन उभे राहिले, बसले नाहीत, आणि त्यांनी सांगितलं.

रुक्मिणबाई रडली नाही. बाकड्यावरून उठली, पिशवी काखेत घेतली. मग म्हणाली, "हे कावून सांगितलं तुमी मला? आठ लागले ते नशीब म्हनून घरी घेऊन गेले असते. आता ह्ये घेऊन जाऊ? त्यानं पडलेल्याला मारलं, ह्ये?"

त्यानंतर ती आली नाही. आमच्या साहेबांनी मात्र त्या दिवसापासून शिक्षेची कारणं सविस्तर सांगायला सुरुवात केली, पान-पान, दोन-दोन पानं. वकील म्हणायचे, अप्पा जिंकले. अप्पांना ते शब्द ऐकवत नसत. "न सांगावं तर अन्याव हाय," ते मला म्हणाले, "आन् सांगावं तर असं. मला तर काई समजंना झालंय ताई."

मलाही समजत नव्हतं. पण मला वाटायचं, एवढ्या वर्षांत त्यांच्या मनाशी काहीतरी ठरलेलं असेल, फक्त ते बोलत नसतील. तसं काही ठरलेलं नव्हतं, हे त्यांच्या भाच्याच्या खटल्यात कळलं.

अप्पांची धाकटी बहीण कमळ चकलांब्याच्या बाजूला दिली होती. नवरा लवकर गेला. तिनं कापडाचं छोटं दुकान चालवलं आणि एकुलत्या एका मुलाला, ओंकारला, वाढवलं. दरसाल कपिलधारच्या यात्रेला अप्पा आणि कमळाबाई बरोबर जायचे. आदल्या दिवशी ती आमच्या गावी यायची, भावाकडे मुक्काम करायची आणि पहाटे दोघं निघायची. मी तिला दोन-तीनदा पाहिलं होतं. भावाला सगळ्यांदेखत रागवणारी बाई. "दादा, शर्टाचं बटन तुटलंय, तुला कोर्टात कुनी उबं कसं करतंय?"

ओंकार पंचविशीचा होता. आईच्या दुकानाला लागूनच त्यानं मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. शेजारी बाळूचं पंक्चरचं दुकान. दोघं शाळेपासूनचे सोबती. एका बाजाराच्या दिवशी ओंकारच्या दुकानापुढे बाळूनं ट्रॉली लावून ठेवली, गिऱ्हाईक अडलं, बोलाचाली झाली, आणि बाळूनं हातातली जॅकची दांडी ओंकारच्या डोक्यात घातली. एकदाच. बाजारात पांगापांग झाली. कमळाबाई तेव्हा माल आणायला बीडला गेली होती. तिला कळेपर्यंत कुणीतरी ओंकारला पिकअपमधे घालून बीडच्या दवाखान्यात नेलं होतं. संध्याकाळी तो गेला. बाळू दोन दिवसांनी नात्यातल्या एका शेतात सापडला.

दवाखान्याच्या कागदावर 'आणणाऱ्याचे नाव' या रकान्यात कुणीतरी घाईनं लिहिलं होतं, 'मित्र'. नाव नाही. पोलिसांनी त्याचा फार शोध घेतला नाही. कमळाबाई म्हणायची, "ज्यानं कुनी नेलं त्याचं देव भलं करो. माझं लेकरू रस्त्यात तरी न्हाई गेलं."

खटला आमच्याच इमारतीत चालला, पण पश्चिमेकडच्या दालनात. अप्पांनी पहिल्याच दिवशी लेखी कळवलं, की मयत माझा भाचा आहे, या प्रकरणाचा एकही कागद माझ्या हातात देऊ नये. तीन वर्षं त्यांनी त्या दालनाचा उंबरा ओलांडला नाही. चहाला जातानासुद्धा मागच्या दारानं जायचे. मधल्या काळात माझी बदली त्याच दालनात झाली होती. ते मला एक शब्द विचारायचे नाहीत.

खून नाही, पण मरेल हे कळत असताना मारलं, एवढं शाबीत झाल्याचं साहेबांनी सांगितलं तो दिवस सोमवार होता. शिक्षेवर ऐकायचं दुसऱ्या दिवशी. मंगळवारी अप्पांनी रजा टाकली आणि पहिल्यांदाच त्या दालनात आले, बहिणीला घेऊन, सगळ्यांत मागच्या बाकावर बसायला. त्यांना मी कधी बाकावर बसलेलं पाहिलं नव्हतं. गुडघ्यावरची बोटं टाईप केल्यासारखी हलत होती.

सरकारी वकिलांनी दहा वर्षं मागितली. या कलमाखाली त्याहून जास्त देताच येत नाहीत. मग साहेबांनी बाळूला विचारलं, "शिक्षेबाबत तुझं काय म्हणणं आहे?"

बाळूच्या वकिलाचा बचाव सुरुवातीपासून असा होता, की बाळू त्या वेळी तिथे नव्हताच. म्हणून बाळूनं तोंड उघडलं तसे ते उभे राहिले. पण बाळू बोलत राहिला, खाली मान घालून, फारच हळू. "साहेब, मीच नेलं त्याला. माज्याच पिकअपमधी. वाटंत त्यानं पानी मागितलं, मी पाजलं. तो म्हनला, आईला सांगू नको. आईला म्हन, गाडीवरून पडलो."

"दयेची विनंती आहे साहेब," वकील मोठ्यानं म्हणाले. लघुलेखिका नवीन होती. तिनं बटण दाबलं. ओळ आली. साहेब पुढचा कागद उलटत होते. त्यांनी ऐकलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. मी ऐकलं होतं. मी खाली पाहिलं.

मागून आवाज आला. "साहेब, त्यानं आनखी एक सांगितलं. ते घ्यायचं ऱ्हायलं."

साहेबांनी वर पाहिलं. "शेटे? तुम्ही आज रजेवर ना? कोणत्या नात्यानं बोलताय?"

अप्पा उभे होते. एक हात डबीवर. "मयताचा मामा, साहेब."

सरकारी वकील मागे वळून त्यांच्याकडे पाहतच राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं, जणू नीट ऐकू आलं नसावं. "मयताचे? आरोपीचे नाही?"

"मयताचा. पन तो बोलला साहेब. समद्यांनी ऐकलंय."

साहेबांनी त्यांना खाली बसायला सांगितलं, पुन्हा असं उठू नका म्हणून समज दिली. मग बाळूला पुढे बोलावून, वकिलाला गप्प करून, पुन्हा विचारलं. बाळूनं तेच शब्द सांगितले. लघुलेखिकेनं ते अक्षर अक्षर टाईप केले. साहेबांनी दवाखान्याचा कागद मागवला. मी तो काढून दिला. त्यावर 'मित्र' एवढंच होतं.

मी कमळाबाईकडे पाहिलं. ती बाकावरून उठली होती. भावाकडे न बघता ती दाराबाहेर गेली आणि एकटीच स्टँडवर चालत गेली, असं शिपायानं नंतर सांगितलं.

संध्याकाळी शिक्षा झाली. पाच वर्षं.

त्या वर्षी कपिलधारला ती दुसऱ्या बायकांबरोबर गेली. अप्पा गेले नाहीत. ते तिच्या घरी दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा तिनं शेजारणीकडून निरोप पाठवला, घरात नाही म्हणून. कोर्टात त्यांना जो तो सांगायला लागला. कुणी म्हणायचं, अप्पा, तुमच्यासारखा माणूस होणे नाही. कुणी त्यांच्या मागे म्हणायचं, सख्ख्या बहिणीच्या काळजावर पाय दिला. अप्पा दोन्हींना "म्हंजे किती?" विचारायचे नाहीत. ती सवयच त्यांची सुटली.

एकदा मीच धीर करून विचारलं. "अप्पा, तो खरं बोलला असं तुम्हाला वाटतं?"

"न्हाई माहीत."

"खोटं असेल तर?"

"असू शकतं. जेलात तीन वर्षं हुता. कुनीबी सुचवलं असंल." थोड्या वेळानं म्हणाले, "खरं हाय म्हनून उठलो न्हाई मी. तो बोलला म्हनून उठलो." आणि मग, अगदी गोंधळलेल्या चेहऱ्यानं, "पन ताई, दुसऱ्याच्या भाच्याचं असतं तर मला येवढं ऐकू आलं असतं का? का माजाच भाचा म्हनून मी कान लावून बसलतो?"

निकालाची नक्कल त्यांनी मिळवली होती. पाच वर्षांमागची कारणं साहेबांनी व्यवस्थित दिली होती. एकच फटका, जुनी मैत्री, आरोपीने स्वतः दवाखान्यात नेल्याची शक्यता. अप्पा ते पान पुन्हा पुन्हा वाचायचे. म्हणायचे, "कारनं समदी लिव्हलीत. चांगली लिव्हलीत. पन पाच कुठून आले? चार कावून न्हाई, सहा कावून न्हाई? मी उठलो नसतो तर किती झाले असते? ते कुठंच न्हाई लिव्हलेलं."

ते निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात साहेबांनी त्यांच्याबद्दल चांगलं बोलून शाल दिली. अप्पांना बोलायला सांगितलं तर ते उभे राहिले आणि "बरं हाय," म्हणून खाली बसले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला. कमळाबाईचा निरोप आला होता, निकाल घेऊन ये म्हणून. "तुमी येताल का ताई? मी वाचलं तर ती म्हनल, ह्यानं पदरचं घातलं. वाचनारं मानूस बाहेरचं पाहिजे."

आम्ही रविवारी गेलो. कापडाचं दुकान अर्धं उघडं होतं. बाजूचं मोबाईलचं दुकान बंद, त्याच्या पलीकडे पंक्चरच्या जागी कुणी ताडपत्रीखाली उसाचा रस काढत होतं. कमळाबाईनं मला पाटावर बसवलं, पाणी दिलं. भावाला पाणी दिलं ते खाली ठेवून, हातात नाही. मग म्हणाली, "वाच बाई."

मी वाचलं. कोर्टाची मराठी तिला कळत नव्हती तिथे थांबून सोपं करून सांगितलं. बाळूचे शब्द आले तिथे तिनं हात वर केला.

"गाडीवरून पडलो, असं हाय त्यात?"

"आहे."

"पुना वाच."

मी पुन्हा वाचलं. "आईला सांगू नको. आईला म्हन, गाडीवरून पडलो."

ती जमिनीवरच्या ठिपक्या-ठिपक्यांच्या फरशीवर बोट फिरवत बसली. मग माझ्याकडे नाही, भावाकडेही नाही, उघड्या दारातून रस्त्याकडे बघत म्हणाली, "तो असंच म्हनायचा. दहावीत गुडघा फोडून आला तवा बी म्हनला, पडलो. हाणलं हुतं कुनीतरी." आणि थोड्या वेळानं, "का बाळूला ठाऊक हुतं तो असं म्हनायचा ते? शाळंत संगंच हुता."

अप्पांचा हात शर्टावरून डबीवर गेला.

"तू सांग बाई," ती मला म्हणाली, "तू परकी हायस. पाच बरोबर हायत का?"

मी सहा वर्षं अप्पांशेजारी बसले होते. त्या कोर्टातला प्रत्येक कागद माझ्या हातून गेला होता. मी अप्पांकडे पाहिलं, की ते काही सुचवतील. ते माझ्याकडेच बघत होते, मी काही सांगेन म्हणून.

"मला सांगता येत नाही," मी म्हटलं.

कमळाबाईनं मान हलवली. तिला राग आला नाही. तिनं निकाल माझ्या हातातून घेतला, घडी घातली, पुन्हा उलगडला आणि भावाला परत न देता फडताळात साड्यांखाली ठेवला.

चारच्या गाडीनं आम्ही निघणार होतो. ती फाट्यापर्यंत आली, आमच्या पुढे पुढे चालत, एकही शब्द न बोलता. गाडी आली. मी चढले, खिडकीजवळ जागा धरली. अप्पांनी पायरीवर पाय ठेवला, तेवढ्यात ती त्यांना काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. अप्पांनी पाय खाली घेतला. कंडक्टर म्हणाला, "काका, येताय का?" अप्पांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. त्यानं घंटी मारली.

त्या पावसाळ्यात अप्पा वारले. मला चार दिवसांनी कळलं. म्हणून माझ्यासाठी शेवटचे अप्पा ते, गाडीच्या मागच्या काचेतून दिसलेले. फाट्यावरच्या टपरीच्या सावलीत कमळाबाई त्यांच्याकडे पाठ करून उभी आणि ते तिच्या मागे दोन पावलांवर, हात हलवत, सारखं काहीतरी सांगत होते. ती वळत नव्हती. पण जातही नव्हती.